नानांचे कान आणि ओमनीचे पाईप

आपल्या वाड्यावस्त्यांवर आता जुन्या गाड्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत. कुणी मुंबईच्या भावाची वापरलेली गाडी गावी आणतो, कुणी पतपेढीचे कर्ज काढून सेकंडहँड गाडी घेतो आणि तिच्यावर घर चालवतो. अशा गाडीच्या ऑईलकडे, टायरकडे, बॅटरीकडे मालकाचे लक्ष असते. पण इंजिनाच्या अंगावरून इकडून तिकडे गेलेल्या करंगळीएवढ्या काळ्या रबरी नळ्यांकडे सहसा कुणी बघत नाही. मेकॅनिक लोक त्यांना व्हॅक्यूम पाईप म्हणतात. त्यांतला एक पाईप थेट ब्रेकशी जोडलेला असतो. तो कसा तपासावा आणि घरच्या घरी कसा बदलावा, हे आम्हा दोघी जावांना २०२३ च्या जून महिन्यात शिकावे लागले. ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

आम्ही मिरजोळ्याच्या. रत्नागिरी शहराला लागून असलेले हे गाव आता बरेचसे एम.आय.डी.सी.चे गाव झाले आहे. कारखान्यात काम करणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी एकटी माणसे येथे पुष्कळ. त्यांना दुपारचे जेवण हवे असते. आम्ही दोघी पहाटे चारला उठून पासष्ट डबे भरतो. धाकटी गाडी चालवते, थोरली मागे डब्यांच्या क्रेट धरून बसते. गाडी म्हणजे २०११ सालची मारुती ओमनी, आम्ही ती २०१८ साली जुनी घेतली. मारुतीने ही गाडी १९८४ साली बाजारात आणली आणि २०१९ साली बंद केली. पस्तीस वर्षे ती शाळेच्या पोरांना, भाजीला, पेशंटला आणि वऱ्हाडाला वाहत राहिली. तीन सिलिंडरचे ७९६ सी.सी.चे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली की इंजिन समोर. बाईमाणसाला घरी काम करायला ही गाडी फार सोयीची आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

त्या वर्षीच्या मे महिन्यापासून गाडी थोडी बिघडल्यासारखी वागत होती. उभी असताना इंजिनाची रेस आपोआप वर जायची, पुन्हा खाली यायची. पेट्रोल जास्त लागू लागले. ब्रेकचे पेडल कधी नेहमीसारखे, कधी घट्ट. पाऊस सुरू झाल्यावर एका दुपारी डबे पोचवून परत येताना उतारावर शाळेची पोरे रस्ता ओलांडत होती. धाकटीने ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल दगडासारखे लागले. तिने दोन्ही पायांनी दाबले, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. पोरे हसत हसत निघून गेली, त्यांना काही कळलेसुद्धा नाही. आम्ही मात्र रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे नुसत्या बसून होतो.

गॅरेजवाल्याने सीट न उचलताच सांगितले, ब्रेकचा बूस्टर गेला, साडेनऊ हजार होतील. जून महिना, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा महिना. त्याचे नाव येथे घेण्याचे काही कारण नाही. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या होत्या आणि अंदाज सांगून मोकळे होणे हे त्या धंद्यात नेहमीचेच आहे. ब्रेक पक्के झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, एवढे आम्ही घरी ठरवले आणि डबे रिक्षाने पाठवू लागलो. रिक्षाच्या भाड्यात दिवसाची निम्मी कमाई जायची.

आता आमच्या सासऱ्यांविषयी सांगितले पाहिजे. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांची सारी नोकरी मुंबईत रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये गेली. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसते, पण कान शाबूत. पडवीत बसून ते म्हणाले, "गाडी चालू करा बघू." गाडी चालू केली. नाना काठी टेकत आले, सीटजवळ वाकले आणि म्हणाले, "हवा खातेय गो ही. कुठनं तरी व्हॅक्यूम गळतोय."

आम्हाला वाटले, म्हातारपणी नाना रेल्वेच्या आठवणीत बोलत आहेत. पण थोरलीची मुलगी तेव्हा आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती ताडकन उठली. म्हणाली, "आजोबा बरोबर बोलतायत."

त्या संध्याकाळी आजोबा आणि नात यांच्यात जे बोलणे झाले त्यातून आम्हाला हे सारे प्रकरण समजले. पेट्रोलचे इंजिन श्वास घेते. सिलिंडर हवा आत ओढतात, पण ॲक्सिलरेटरवर पाय नसेल तेव्हा हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ बंद असते. त्यामुळे झडपेच्या पलीकडच्या भागात हवा विरळ होते. हाच व्हॅक्यूम. बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर उंच स्तंभाएवढा असतो, आणि चांगले इंजिन नुसते चालू असताना त्यातला ४५ ते ५० सेंटिमीटरचा दाब आत कमी झालेला असतो. ही फुकटची शक्ती आहे. ती वाया घालवायची नाही म्हणून तेथून रबरी नळ्या काढून निरनिराळ्या ठिकाणी नेतात. त्यांतली सर्वांत जाड नळी जाते ब्रेकच्या बूस्टरकडे.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक गोल डबा. आत रबरी पडदा असतो. ब्रेकवर पाय नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो. पेडल दाबले की एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि ती पडद्याला पुढे ढकलते. मुलीने पाटीवर हिशेब करून दाखवला. पडदा सात इंचाचा धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस सेंटिमीटर. ५० सेंटिमीटरचा व्हॅक्यूम म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण दोन तृतीयांश किलो. एकूण जोर दीडशे किलोच्या वर. म्हणजे आपल्या पायाबरोबर दोन धट्टीकट्टी माणसे ब्रेक दाबत असतात. पाईप चिरला की ती दोन माणसे निघून जातात. ब्रेक असतो, पण तो सगळा आपल्या एकट्याच्या पायाने लावायचा. धाकटीचे वजन अठ्ठेचाळीस किलो आहे.

डिझेल गाड्यांत अशी झडप नसते म्हणून त्यांना व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप बसवतात. ज्यांच्याकडे डिझेलची जीप किंवा सुमो आहे त्यांनी पाईपाबरोबर तो पंपही पाहून घ्यावा.

नाना हे सारे ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे उलटं होतं." आम्ही विचारले, उलटे म्हणजे काय? तेव्हा त्यांनी जे सांगितले ते आमच्या मनात घर करून राहिले आहे.

जुन्या आगगाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. आता त्यांची जागा दाबाच्या हवेच्या ब्रेकने घेतली आहे, पण आमच्या पिढीने ते पाहिले आहेत. दोन डब्यांच्या मध्ये जाड रबरी होज पाईप लोंबत असायचे ते याचेच. इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत एकच नळी, आणि इंजिनावर तीत ५३ सेंटिमीटर व्हॅक्यूम राखलेला. हा व्हॅक्यूम आहे तोवर ब्रेक सुटलेला राहतो. कुठेही हवा आत शिरली की सगळ्या डब्यांचे ब्रेक लागतात. साखळी ओढली की फुस्स आवाज येऊन गाडी थांबायची, ती याच कारणाने. पाईप फाटला तरी तेच, डबे तुटून वेगळे झाले तरी तेच. म्हणजे बिघाड झाला की गाडी थांबणार, अशी रचना. नाना म्हणाले, "पाईप गळला तर आमची गाडी स्टेशनातनं हलायचीच नाही. सगळे ओरडायचे आमच्या नावानं. पण माणूस मरायचा नाही."

ही रचना काही आपोआप झालेली नाही. पुढे आम्ही वाचले की १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ शाळकरी मुलांची सहलीची गाडी चढावर अडकली. तिला व्हॅक्यूम ब्रेक होते, पण साधे, म्हणजे व्हॅक्यूम असेल तरच लागणारे. इंजिनाने सगळी गाडी एकदम ओढवेना, म्हणून मागचे डबे सोडून पुढचे वर न्यायचे ठरले. डबे सोडल्याबरोबर त्यांचा व्हॅक्यूम गेला, ब्रेक सुटला आणि ते उताराने मागे धावत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उतारूंच्या गाड्यांना नानांनी सांगितला तसा, तुटला तर आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

आपल्या मोटारीचा बूस्टर मात्र अजून त्या जुन्या तऱ्हेने चालतो. पाईप गळला तर गाडी अडत नाही. ती रोजच्यासारखी चालू होते, रोजच्यासारखी डबे घेऊन निघते, आणि उतारावर ब्रेक हवा असतो तेव्हा मदत मिळत नाही. ब्रेकचे तेल चाकापर्यंत जातेच, त्यामुळे ब्रेक अगदीच नाहीसा होत नाही, हे खरे. पण पोर समोर असताना पायात किती जोर आहे यावर सगळे येऊन ठरते. मोटारीचा पाईप स्वतःहून ओरडत नाही, म्हणून तो माणसाने ऐकावा लागतो.

आता तपासणी. ही कुणालाही जमते, अवजार लागत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. ब्रेकचे पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबा. बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल घट्ट होते. आता पेडलवर पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडे आत गेले पाहिजे. गेले नाही, तर पाईप, त्यातली झडप किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी बिघडले आहे. दुसरी परीक्षा अशी: इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटे थांबा, मग पेडल दाबा. पहिल्या एक-दोन दाबांना ते मऊ लागले पाहिजे. पहिल्यापासूनच घट्ट लागले तर व्हॅक्यूम कुठेतरी निसटतो आहे. आमच्या ओमनीत पेडल दोन्ही वेळा दगड.

मग गळती शोधणे. नानांनी पाण्याच्या जुन्या नळीचा हातभर तुकडा मागितला, एक टोक कानाला लावले आणि दुसरे नातीच्या हातात दिले. डॉक्टर छाती तपासतो त्याप्रमाणे ती ते टोक एकेका पाईपावरून फिरवू लागली. पंखा-पट्टा यांपासून नळी आणि ओढणी दूर ठेवायची, हे तिने आधीच बजावले होते. जाड पाईप इंजिनाजवळ वळतो तेथे टोक आले आणि नाना म्हणाले, "थांब बाय." बघितले तर वरून काहीच दिसेना. पाईप वाकवला तेव्हा खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. पकडीला फडके गुंडाळून तिने चिरेच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, पाईप चिमटला. आठवडेच्या आठवडे वर-खाली होणारी रेस त्या क्षणी एका जागी स्थिर झाली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

खात्रीसाठी साबणाचे पाणीही लावून पाहिले. येथे सायकलच्या ट्यूबप्रमाणे बुडबुडे येत नाहीत, कारण हवा बाहेर येत नसून आत जाते. पाणी आत ओढले जाते आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. काही लोक या कामासाठी पेट्रोल किंवा पेटणारा स्प्रे मारतात. तसे कधीही करू नये. गरम इंजिन सीटखाली आणि आपण त्याच्यावर वाकलेलो, आग लागायला वेळ लागत नाही.

पाईप गळतो का? रबर आयुष्यभर मऊ राहत नाही. इंजिनाच्या उष्णतेने ते कडक होते, ऑईल लागले तर फुगते, हवेतल्या ओझोनने त्याला बारीक चिरा पडतात, आणि वळणावर ताण असल्याने तेथे त्या आधी उघडतात. आमच्या कोकणात उंदीर हे आणखी एक कारण. पावसात ते गरम इंजिनाच्या उबेला येतात आणि कुरतडतात. पाईप बोटांनी दाबून पाहावा. लाकडासारखा कडक, चिकट किंवा पोकळ-मऊ लागला तर चीर दिसो वा न दिसो, तो बदलण्याच्या लायकीचा झाला.

दुसऱ्या दिवशी मुलगी जुन्या पाईपाचे माप घेऊन शहरात गेली. माप आतल्या भोकाचे सांगायचे, बाहेरच्या जाडीचे नाही. सोपी युक्ती म्हणजे जुना तुकडाच दुकानात न्यावा आणि ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाईप असे स्पष्ट नाव घेऊन मागावा. पाण्याच्या फिल्टरची, गॅसच्या शेगडीची किंवा माशांच्या टाकीची नळी चालत नाही. आतून ओढ बसली की मऊ नळी चपटी होऊन चिकटते, आणि गरम इंजिनाजवळ प्लास्टिक वितळते. जाड पाईप, सेन्सरची आणि इतर बारीक नळी मीटरवर, आणि सहा क्लिपा, असे मिळून आमचे चारशे दहा रुपये झाले.

बदलण्याचे काम रविवारी सकाळी केले. इंजिन रात्रभर थंड झालेले. मागच्या-पुढच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावले, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मुलीचा एक नियम होता आणि तो तिने आम्हाला मोडू दिला नाही: एका वेळी एकच पाईप काढायचा, त्याच्या जागी नवा बसवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. सगळे एकदम काढले की कुठला कुठे होता हे आठवत नाही. तरीही आम्ही प्रत्येक टोकाला साडीच्या फॉलच्या दोऱ्याचा निराळा रंग बांधला. शिवणकामाचा डबा असा उपयोगी पडला.

जुना पाईप ओढून काढू नये. तो नळीच्या तोंडाला चिकटलेला असतो आणि प्लास्टिकचे तोंड जुने असल्यास ओढण्याने तुटते. आधी हलकेच पिळून पाहावा. सुटला नाही तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलावा, खालच्या तोंडावर ओरखडा न पाडता. नवा पाईप धारदार ब्लेडने सरळ कापावा आणि जुन्याच्या लांबीचाच ठेवावा. आखूड झाला तर ताण बसतो, लांब झाला तर लोंबकळून सायलेन्सरच्या पाईपाला टेकतो किंवा मोडतो. बसवताना नुसते पाणी लावावे. ऑईल किंवा ग्रीस लावले की रबर लवकर खराब होते.

बूस्टरच्या पाईपात एकदिशा झडप असते, ती उलटी बसली तर सगळी मेहनत फुकट. तिच्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. बाण पुसला असेल तर तोंडाने फुंकून बघावे. बूस्टरच्या बाजूने फुंकलेली हवा आरपार गेली पाहिजे, इंजिनाच्या बाजूने फुंकलेली अडली पाहिजे. दोन्हीकडून जात असेल तर झडपही बदलावी. आमची झडप ठीक होती. फुंकण्याचे काम नानांनी मागून घेतले.

सगळ्या पाईपांना अडीच तास लागले. त्यांतला पाऊण तास एकट्या क्लिपने खाल्ला, कारण ती हात न पोचेल अशा जागी होती आणि शेवटी ती सर्वांत बारीक हाताच्या धाकटीने काढली. मग बॅटरी जोडली, गाडी चालू केली. पेडल दाबून ठेवलेले होते, ते पायाखाली मऊसूत आत गेले. वाडीच्या मोकळ्या जागेत आधी पायी चालण्याच्या वेगाने, मग थोड्या वेगाने वीसेक वेळा ब्रेक लावून पाहिला. त्यानंतरच सोमवारी गाडीत डबे ठेवले. पेट्रोलचा खर्चही पुढच्या महिन्यात पूर्वीच्या जागी आला.

मुलीने या ट्रेडला नाव घातले तेव्हा पोरगी काळे हात करून काय मिळवणार, असे आमच्याच नात्यातल्या काहींनी विचारले होते. त्यांच्यातलेच एक जण पुढच्या रविवारी आपली जुनी गाडी घेऊन दारात उभे राहिले. ब्रेक घट्ट लागतो म्हणाले. मुलीने पेडलची परीक्षा घेतली, नानांनी नळी कानाला लावली. पाईप सगळे धडधाकट होते, झडपही. पेडल दाबले की आतून, पेडलच्या मागूनच, हवेचा आवाज यायचा. मुलीने सीट पुसली आणि सांगितले, "मामा, हा खरोखर बूस्टरच गेलाय. हे घरी करायचं काम नाही, गॅरेजलाच न्या. आणि नेताना चालवत नेऊ नका, टोचन करूनही नको. टेम्पोवर चढवून न्या."

त्यांनी टेम्पोला फोन लावला.